धान घरात आल्यावर

पूर्व विदर्भात धानाची कापणी उरकत आली, की गावोगावी बैठका बसतात. विषय एकच असतो: यंदा नाटक कोणतं आणि कोणत्या रात्री? शेजारच्या गावाची तारीख टाळायची, कंपनीला इसार द्यायचा, मंडपाचं कोण बघणार, तिकिटावर कोण बसणार, कलावंतांचं जेवण कुणाच्या घरी, हे सगळं तिथे ठरतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथल्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो होळीच्या सुमारास संपतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. कंपन्यांची कार्यालयं तिथे, बुकिंग तिथे. संध्याकाळी तिथूनच कलावंतांच्या गाड्या गावांकडे सुटतात.

समाजाला कलेचं मोल कळतं का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अनुदानाच्या आणि पुरस्काराच्या निमित्ताने निघतो. मला तो त्या बैठकीत बसून विचारावासा वाटतो. तिथल्या बहुतेकांची मदार धानावर असते. पाऊस लांबला किंवा तुडतुडा पडला, तर वर्ष अवघड जातं. तरीही हातात आलेल्या पैशातून खताची उधारी, लेकीचं लग्न, घराची शाकारणी यांच्यासोबत नाटकाची वर्गणीही निघते. पोट भरल्यावर उरलं तर कला, असं आपण शिकलेली माणसं सहज बोलून जातो. या गावांनी तसा हिशोब कधी मांडलेला नाही.

असं का असावं, याचं उत्तर मला रंगमंचापेक्षा गावातल्या घरांत सापडतं. नाटक ठरलं, की पाहुण्यांना निरोप जातात. सासरी गेलेल्या मुली येतात, जावई येतात, मामा-मावश्या येतात. दिवसा मंडई, म्हणजे गावची जत्रा असते, कुठे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत असते, रात्री नाटक. उपवर मुलामुलींच्या सोयरिकीच्या गोष्टी याच गर्दीत निघतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने पट बंद झाले, ते डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळेपर्यंत. मधल्या काळात मंडईची रया गेली, पण त्या बंदीमुळे नाटकं थांबली नाहीत. पाहुण्यांना बोलवायला गावाकडे एक कारण उरलं होतं. ज्या घरात एरवी दोन माणसं असतात, तिथे त्या रात्री पंधरा पानं उठतात. नाटक गावाला यजमान करतं, आणि यजमान होण्यात माणसाची जी प्रतिष्ठा असते, ती कोणत्याही योजनेतून मिळत नाही.

मंडपात बसून पाहावं, तर प्रयोग दहा-साडेदहाला सुरू होतो आणि उजाडायला लागेपर्यंत चालतो. डिसेंबरातली थंडी जमिनीतून वर येत असते. बायका सतरंजी आणि चादरी घेऊन आलेल्या असतात; पोरं पहिल्या अंकातच मांडीवर झोपतात. ऑर्गन आणि तबला रंगमंचालगत, विंगेत प्रॉम्प्टर. भावांच्या वाटणीचा प्रवेश लागतो, थोरला भाऊ म्हाताऱ्या आईला कुणी ठेवायचं ते विचारतो, आणि हजारभर माणसांचा मंडप गप्प होतो. या मंडपात त्या वर्षी वाटणी झालेली घरं बसलेली असतात. ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे, तोही चार हातांवर असतो. दोघांच्याही डोळ्यांसमोर त्यांचंच भांडण दुसऱ्याच्या तोंडून चाललेलं असतं. त्यावर ते समेट करतील असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीवर चावडीत बोललं तर लाठ्या निघतील, तिच्यावर गाव रात्रभर एकत्र बसून विचार करतं, आणि दुसऱ्या दिवशी पात्रांची नावं घेऊन वाद घालतं. बाजारात माणसं जमतात, पण हे घडत नाही.

ही नाटकं भडक असतात, रडकी असतात, मध्येच लावणी घुसडतात, असा आक्षेप शहरातून होतो. भडकपणा आहे. पण हजार माणसांना पहाटेपर्यंत जागं ठेवायचं, तर आवाज आणि भावना दोन्ही मोठ्या लागतात, आणि ते साधायला कसब लागतं. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हातात शेती असलेल्या या विनोदी नटाने आयुष्यभर याच मंडपांत प्रेक्षक हसवला. त्या हसण्याची वेळ चुकली, तर प्रेक्षक लगेच चहाच्या टपरीकडे उठून जातो. इतका कडक परीक्षक शहरी नाट्यगृहात मला क्वचित दिसला. स्त्री कलावंतांबद्दल मात्र गावांनी आपलं मन तपासायला हवं. रात्री जिच्या रडण्यावर मंडप रडतो, तिच्याबद्दल सकाळी पारावर जे बोललं जातं, ते ऐकवत नाही.

मला खरी चिंता वेगळी वाटते. पूर्वी नाटक गावचीच मुलं करत. दंडार आणि खडी गंमत ही इथल्या लोकनाट्याची जुनी रूपं. त्यांतून आलेले गावातले हौशी नट महिना-दीड महिना तालमी करत, आणि नागपूरहून स्त्री कलावंत बोलावत. आज बहुतेक ठिकाणी अख्खी कंपनीच ठरवली जाते. व्यावसायिक कंपन्यांमुळे प्रयोग नेटका झाला, असंख्य कलावंत-तंत्रज्ञांची चूल पेटली. त्यात वाईट काही नाही. पण तालमीच्या काळात शाळामास्तर, न्हावी, सालगडी आणि पाटलाचा मुलगा एका खोलीत रोज संध्याकाळी एकमेकांचे संवाद पाठ करून घेत. सालगड्याला राजाची भूमिका मिळाली, तर पाटलाचा मुलगा त्याच्यापुढे मान लववून उभा राहायचा. हे नातं तिकिटाच्या पैशांनी विकत मिळत नाही. खुर्चीचं तिकीट आणि जमिनीवरचं तिकीट वेगळं झालं, तेव्हा मंडपातही गावची जुनी उतरंड परत येऊन बसली.

म्हणून यंदाच्या बैठकांपुढे माझी एक मागणी आहे. कंपनीचं नाटक जरूर ठरवा, पण त्याच्या आदल्या रात्री गावच्या पोरापोरींची दंडार ठेवा. मंडप तोच, दिवे तेच. खर्च फारसा वाढत नाही. तालमीसाठी शाळेची एक खोली संध्याकाळी उघडून द्या. जुन्या दंडारीतली गाणी ज्यांना पाठ आहेत अशी माणसं अजून काही गावांत आहेत, ती सत्तरीपार गेली आहेत. त्यांना वर्गणी मागायला जाल, तेव्हा पैसे घेऊन लगेच उठू नका. वही काढा आणि गाणी लिहून घ्या.