विचारण्याचा धर्म

परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लवकर शिकाव्या लागतात. एक म्हणजे आपल्या आडनावाचा चुकीचा उच्चार निमूटपणे ऐकून घेणे, आणि दुसरी म्हणजे पानात पडेल ते फारशी चौकशी न करता जेवणे. पहिली सवय निरुपद्रवी आहे. दुसरीविषयी मात्र आम्हांला अलीकडे शंका वाटू लागली आहे. ती ज्या प्रसंगातून उद्भवली तो प्रसंग आमच्यासारख्याच इतर मराठी नोकरदारांपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख.

चेन्नईला आमची बदली होऊन आता चार वर्षे होतील. आमच्या बिऱ्हाडाजवळच एक मलेशियन उपाहारगृह आहे. थाटमाट काही नाही. पण संध्याकाळी तेथे जागा मिळण्यासाठी पाव तास उभे राहावे लागते. विद्यार्थी, टॅक्सीचालक, सहकुटुंब आलेले व्यापारी, सारे एका रांगेत बसून जेवतात. हे अन्न या प्रांताला तसे परके नाही. तमिळ मुसलमानांनी आपली पाककला समुद्रापार नेली आणि पेनांगच्या बंदरावर भाताचे व कालवणाचे हंडे कावडीला लावून ते गोदीतील कामकऱ्यांना विकू लागले. कावडीने वाहण्याला मलय भाषेत 'कांदार' म्हणतात. 'नासी कांदार' म्हणजे कावडीवरचा भात. त्या विक्रेत्यांना तेथे 'मामाक' हे नाव पडले, आणि त्यातला 'मामा' तर आपल्याही घरचाच आहे. मलेशियातील न्याहारीच्या संस्कृतीला २०२४ साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, पदरापदरांची 'रोटी चानाई' आणि उंचावरून धार धरून फेसाळलेला चहा हे तिचे मुख्य घटक होत.

गेल्या वर्षी साताऱ्याहून आमची मावशी महिनाभर राहावयास आली. ती माळकरी आहे. चाळीस वर्षे गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि त्या माळेचा तिने कधी गवगवा केलेला नाही. एका रविवारी आम्ही तिला हौसेने त्या उपाहारगृहात नेले. नारळाच्या भाताबरोबर तेथे तळलेले बारीक मासे आणि उकडलेले अंडे देतात, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणून वाढप्याला आम्ही बजावले की मासे नकोत, अंडे नको. तो म्हणाला, "दोन्ही काढून देतो," आणि त्याने ती खरोखरच काढून दिली. भात, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि लाल मिरचीचा 'सांबाल' एवढेच मावशीच्या पानात आले. तो सांबाल तिला फार आवडला. "आपल्या ठेच्यासारखंच, पण किंचित गोडसर," असे म्हणून तिने तो दुसऱ्यांदा मागून घेतला.

चार दिवसांनी कचेरीत डबा खाताना आम्ही हे वर्णन केले, तेव्हा पेनांगला आप्त असलेले एक तमिळ सहकारी गप्पच झाले. मग हलकेच म्हणाले, "पण त्या सांबालमध्ये बेलाचान असते." बेलाचान म्हणजे कोकणात ज्याला जवळा म्हणतात तशा चिमुकल्या कोळंबीला मीठ लावून, आंबवून आणि कुटून केलेला गोळा. हिंगाच्या खड्यासारखा तो वाटणात नाहीसा होतो. दिसत नाही, पण चव त्याचीच असते.

अपराध कोणाचा? वाढपी खोटे बोलला नव्हता. त्याच्या लेखी मासा म्हणजे मासा. बेलाचान हा मसाला. आम्हीही खोटे बोललो नव्हतो. कचेरीत अशी प्रकरणे आपण पाहतोच: प्रत्येक सही जागच्या जागी असते, प्रत्येक टिपण नियमाला धरून असते, आणि निर्णय तेवढा चुकीचा असतो. प्रत्येकाने आपल्यापुरते खरे सांगितल्यावरही सर्वांचे मिळून असत्य घडू शकते. पाकिटावर हिरवा ठिपका असतो. पळीवर तो नसतो. तेथे विचारावेच लागते. आणि आम्ही अर्धेच विचारले होते, कारण पुरते विचारणे आम्हांला गावंढळपणाचे वाटले होते.

गांधीजींच्या आत्मकथेतील एक प्रसंग या वेळी आठवला. लंडनमध्ये शिकत असता एका मोठ्या उपाहारगृहात, सूप कशाचे आहे हे विचारण्यासाठी त्यांनी वाढप्याला बोलावले. बरोबरचा स्नेही संतापला. येथील रीत पाळता येत नसेल तर बाहेर जा, असे त्याने सुनावले. गांधीजी बाहेर पडले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद असल्यामुळे त्या रात्री ते उपाशी राहिले. आईपुढे घेतलेल्या शपथेचा अर्थ आईने जो मानला तोच खरा, आपल्या सोयीचा नव्हे, असा निर्णय त्यांनी केला होता. मावशीच्या माळेचा अर्थही आम्ही किंवा वाढप्याने ठरवावयाचा नव्हता.

तरीही आम्ही गप्प राहिलो, आणि त्या मौनाला तीन आधार शोधले. अजाणता घडलेल्या कृत्याचे पाप लागत नाही. सांगितले तर तिला क्लेश मात्र होतील. शिवाय ती लवकरच गावी परतणार. पहिला आधार खरा होता, पण तो तिच्यासाठी. आम्ही आता जाणते झालो होतो. दुसरा दयेचा दिसत होता. परंतु व्रत तिचे, तेव्हा ते मोडले की नाही आणि मोडले असल्यास काय करावे, हे ठरवण्याचा अधिकारही तिचाच. सत्य लपवून आम्ही तिचा क्लेश टाळीत नव्हतो, तिचा अधिकार काढून घेत होतो. तिसऱ्या आधाराविषयी बोलण्यासारखे काहीच नाही. प्रकरण लांबणीवर टाकले की ते आपोआप निकालात निघते, या आमच्या धंद्यातील श्रद्धेचेच ते रूप होते.

आठवड्याने आम्ही तिला सांगितले. ती थोडा वेळ माळेशी बोटे खेळवीत बसली. मग म्हणाली, "पोटात गेलं ते पांडुरंगाला ठाऊक आहे, मलाही नव्हतं. त्याचं मी बघीन. पण अरे, इतके दिवस तू जपत होतास ते मला की स्वतःला?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी तिने उपवास केला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

गावी परतण्यापूर्वी मात्र तिनेच त्या उपाहारगृहात जाण्याची इच्छा दर्शवली. आम्ही चकित झालो. या वेळी मोडक्यातोडक्या हिंदीत तिने स्वतः विचारणा केली: पिठात अंडे आहे का, डाळीत काय आहे, तवा कोणता. वाढप्याला नीट सांगता येईना, तेव्हा त्याने आचाऱ्यालाच बोलावले. हात पुसत तो बाहेर आला. त्याचा अपमान झाला असेल अशी आम्हांला धास्ती होती. पण तो तर खुलला. पिठात अंडे नाही, डाळ निर्मळ आहे, सांबाल मात्र तुम्ही घेऊ नका, असे त्याने एकेक करून सांगितले आणि धुतलेल्या तव्यावर भाजलेली रोटी साखर घालून स्वतः आणून दिली. मावशीने ती संपवली आणि त्याला नमस्कार केला.

आपण परमुलखात राहणारी माणसे बहुधा दोन प्रकारची असतो. काही जण परक्या पानाला स्पर्शच करीत नाहीत. काही जण डोळे मिटून सर्व खातात आणि त्याला उदारता म्हणतात. दोघेही समोरच्या माणसाशी बोलण्याचे टाळतात. आपले व्रत काय आहे ते संकोच न करता सांगावे आणि त्याचे अन्न काय आहे ते आदराने विचारावे, हा तिसरा मार्ग. त्याला थोडा वेळ लागतो, थोडी लाज सोडावी लागते. आम्ही तो एका साताऱ्याच्या वृद्धेकडून शिकलो, आणि तोही उशिरा.