मातीचा आषाढ

शेलूबाजारच्या शिवारात एका शेतकऱ्याने गोठा बांधायला काढला. वैशाखाचे दिवस होते. काळी जमीन उन्हाने तडकली होती. भेगांत मनगटापर्यंत हात जात होता. सब्बल मारली की ठण्ण आवाज येई. मुलाच्या तळहाताला फोड आले.

"बाबा, दगडासारखी जमीन हाये. अजून कायले खंदायचं?"

"आता दगड हाये, पोरा. आषाढात इचारजो तिले," बाप म्हणाला आणि खणत राहिला. मुरूम लागला तेव्हाच थांबला.

पुढे मुलगा रस्त्याच्या कामावर लडाखला गेला. हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरला. मातीतलं पाणी गोठलं आणि बर्फाने कणाला कण जखडला. थंडी वाढेल तशी जमीन आणखी कडक झाली. टिकाव मारला की उसळून परत येई.

सामानासाठी एक खोली उभी करायची होती. एवढ्या कडक जमिनीला पाया कशाला, असं म्हणून त्याने वरच्यावरच दगड रचले आणि पत्रे टाकले. एक म्हातारा लडाखी मजूर बघत उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

हिवाळाभर खोली ताठ उभी राहिली.

मे महिन्यात ऊन तापलं. आधी दक्षिणेची बाजू सुटली. वरचा बर्फ वितळला, पण खालचा थर अजून गोठलेलाच होता. पाण्याला मुरायला वाट नव्हती. टिकावाला न जुमानणाऱ्या त्याच मातीत आता बूट रुतू लागला. कोपऱ्यात बोटभर फट पडली. चार दिवसांनी भिंत बसली.

रात्री त्याने घरी फोन लावला.

"बाबा, इथं आषाढ मे महिन्यात येते."

बाप हसला. "मंग खंद आता."

उन्हाळ्यात तो खणत गेला. गोट्या-वाळूचा थर लागला, ओतलेलं पाणी तिथे थांबेना, तेव्हा त्याने पहिला दगड ठेवला. दगडाचं दुसरं टोक त्या म्हाताऱ्याने धरलं होतं. पुढचा हिवाळा गेला, पुढचा मेही गेला. खोली जागची हलली नाही.

थंडीने दिलेला कडकपणा ऊन घेऊन जातं आणि उन्हाने दिलेला पाऊस. म्हणून ज्याच्या आधारावर घर उभं करायचं, त्याला त्याच्या पडत्या ऋतूत एकदा पाहून घ्यावं. माणसाचा आणि स्वतःचाही भरवसा धरताना हाच नेम.