आजारी लेकराच्या खाटेपाशी



दुखणे मोठे निघाले की आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचे नाव निघतेच. आपण कोणाला तरी भेटायला तेथे जातो आणि लहान मुलांच्या वॉर्डाच्या दाराशी पाय जड होतात. म्हाताऱ्या माणसाचे आजारपण मन कसेबसे स्वीकारते. पण चार वर्षांच्या पोराचे सुजलेले हात पाहिले की मन कोणाशी तरी भांडायला उठते, आणि भांडावे कोणाशी ते कळत नाही.

विदर्भात अशी कितीतरी मुले सिकलसेलची असतात. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांतून कळा निघतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांतच मोडते, म्हणून अंगात रक्त टिकत नाही. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, एवढे निमित्तही पुरते. रडून रडून मूल गप्प झाले की आपल्याला वाटते, बरे वाटू लागले. आईला तसे वाटत नाही.

अशा वेळी आपण बोलतो काय? ‘देवाची मर्जी.’ ‘देव आवडत्यांचीच परीक्षा घेतो.’ खरे तर ती शांतता आपल्याला सोसत नाही, म्हणून हे शब्द बाहेर पडतात. आपले मन हलके होते आणि ओझे आईच्या डोक्यावर जाते. माझे काय चुकले, हे ती आधीच स्वतःला विचारत असते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही तेच विचारले होते: पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही नाकारले. वैद्यकशास्त्रही आईला दोषी धरत नाही. हा आजार आई आणि वडील दोघांकडून येतो. दोघेही वाहक, बहुधा धडधाकट, कित्येकदा स्वतःलाच ठाऊक नसलेले. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक. तरी घरातले बोट सुनेकडेच वळते. ते बोट खाली करणे डॉक्टरांपेक्षा भेटीला गेलेल्या आत्या-मावशीला अधिक साधेल.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोवर ते चांगले मित्र होते. बिघडले ते कारणे सांगू लागल्यावर.

मग रडू आले तर? येऊ द्यावे. लाजराच्या कबरीपाशी प्रभूही रडला. मात्र आपल्याला सावरण्याचे काम त्या थकलेल्या बापावर पडू नये, एवढे भान हवे. डोळे पुसायला व्हरांडा असतो.

1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. 40 वर्षांपर्यंतच्या माणसांची रक्ततपासणी तिच्यात येते. लग्न ठरवताना पत्रिका पाहणाऱ्यांनी हा कागदही पाहिला तर बरे. पण आज खाटेवर असलेल्या लेकराला त्याचा काय उपयोग? त्याच्या घरच्यांना माणसे लागतात. पहिल्या भरतीच्या वेळी खाटेभोवती गर्दी असते, केळी-बिस्किटांचा ढीग असतो. चौथ्या-पाचव्या खेपेला कोणी फिरकत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून बाप तेथे बसलेला असतो, आणि गावाकडचे कोणी दिसले की आधी विचारतो, घरी राहिलेली धाकटी जेवली का.