बडग्याची पाटी आणि आकाशवाणीचा माइक

तान्ह्या पोळ्याला नागपुरात इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे; हे सगळे पुतळेच. बडग्याच्या गळ्यात पाटी असते. तिच्यावर महागाई असते, भ्रष्टाचार असतो, एखाद्या वर्षी पुढाऱ्याचं नावही असतं. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात. ही काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असं जुनी माणसं सांगत आली. राजघराण्यातल्या बाईचा पुतळा करून तो वेशीबाहेर जाळणारं हे गाव आहे. सत्तेची टिंगल इथे सणातच बसलेली आहे.

याच गावात १९४८ च्या जुलैत आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं. बडग्याच्या पाटीवर जे चालतं ते या माइकवर चालत नाही. आकाशवाणीच्या संहितेत राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करायला मनाई आहे, केंद्रावर किंवा राज्यावर वैरभावाने टीका करायलाही मनाई आहे. टीका कुठे संपते आणि वैरभाव कुठे सुरू होतो, हे ठरवणार आकाशवाणीचेच अधिकारी. राजकीय विनोद तर नावावाचून उभाच राहत नाही. सासू-सुनेचे, विसरभोळ्या मास्तरांचे विनोद रेडिओवर भरपूर झाले. ज्याच्या हाती कारभार, तो मात्र त्यांतून सुटला.

आणीबाणीत हे उघडं पडलं. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमाला नकार दिला म्हणून १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद झाली. ‘किस्सा कुर्सी का’ या राजकीय उपहासाच्या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल हे रविशंकर शुक्लांचे चिरंजीव, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताच्या मुख्यमंत्र्यांचे. या इतिहासाकडे परगावची गोष्ट म्हणून आपल्याला बघता येणार नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगितलं. वाहिन्या वाढल्या, मग मोबाइल आला आणि विनोद तिकडे गेला. पाठोपाठ सरकारही तिकडे पोचलं. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली: केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे केंद्रानेच नेमलेला कक्ष ठरवणार. विनोदकार कुणाल कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. तिसरं मत न्या. अतुल चांदूरकरांनी दिलं. त्यांनी अनेक वर्षं नागपूर खंडपीठापुढे वकिली केलेली. २० सप्टेंबरला त्यांनी हा नियम घटनाबाह्य ठरवला.

मला या खटल्यातला एकच मुद्दा कळीचा वाटतो. उपहास मुद्दाम वाढवून सांगतो, ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्याला खरं-खोटं करण्याची फूटपट्टी लावली की प्रत्येक विनोद खोटाच ठरेल. आणि ज्याची खिल्ली उडाली त्याच्याच हाती फूटपट्टी दिली, तर निकाल आधीच लागलेला असतो.

बदनामी, द्वेष, बनावट चित्रफिती यांनी माणसं उद्ध्वस्त होतात, हे मी मान्य करतो. त्यासाठी न्यायालयं आहेत, तिथे पुरावा द्यावा लागतो, दुसरी बाजू ऐकली जाते. पण मार्च २०२५ मध्ये कामरांच्या एका विडंबनगीतावरून मुंबईतल्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली. कामरांनी माफी मागावी, असं मुख्यमंत्री म्हणाले. मुख्यमंत्री नागपूरचे आहेत, मारबतीच्या गावचे, म्हणून मला ते जास्त लागलं. गाणं आवडलं नसेल तर नसो. माफीची अपेक्षा आधी तोडफोड करणाऱ्यांकडून करायला हवी होती.

नागपूर आकाशवाणीला माझी विनंती आहे. येत्या तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीत माइक न्या, बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या नावांसकट, जशाच्या तशा वाचून दाखवा.