गगनगडाच्या पायथ्याशी मागणं

देवा गहिनीनाथा, वर गडावर तुझी गुहा आणि खाली गगनबावड्यात आमचं पत्र्याचं घर. आषाढात करूळ घाट धुक्यात बुडतो, पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्यात लाईट गेली की बालकल्याण समितीनं आमच्याकडे सांभाळायला दिलेली पोर अंथरुणात आक्रसून जाते. ती कशाला भिते, तुला ठाऊक. तिच्याकडून ते काढून घ्यायची घाई मला होऊ देऊ नकोस. कंदील लावून, तिला दिसेन अशी उंबऱ्याशी बसून राहण्याचा धीर दे.

उशीखाली ती भाकरीचा तुकडा लपवते. त्यावरून तिला बोलायचं नाही. मी रात्री दुरडीत अर्धी भाकरी झाकून ठेवते आणि "ही तुझी" म्हणून सांगते. ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी शाळा, ठरल्या वेळी झोप; भ्यालेल्या लेकराला मायेच्याही आधी हे लागतं. माझ्याकडून ते रोज निभावून घे.

देवा, तिला राखायची अक्कल दे. पाहुणे आले की "काकांना पापा दे" असं माझ्या तोंडून निघू नये. ती नको म्हणाली तर घरातल्या थोरल्यांनीही ते ऐकावं, माझ्या सख्ख्या भावानंसुद्धा. उद्या तिनं कुणाचं नाव घेऊन काही सांगितलं, तर "तो तसला नाही गं" म्हणण्याआधी माझी जीभ आवर. नात्याचा, अब्रूचा हिशेब न करता मुलांच्या मदतीच्या १०९८ या नंबरला फोन लावायचं बळ दे. जिथं बाजारात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथं हेच सगळ्यात अवघड आहे.

तिचा फोटो स्टेटसला लावायचा मोह नको. २०१५ च्या बालन्याय कायद्यानं अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई केलीच आहे, पण कायदा नसता तरी तिचं दुःख गावभर दाखवायचा मला काय हक्क? "नशीब काढलंस पोरी" असं कुणी तिच्या तोंडावर म्हणालं, तर तिथल्या तिथं अडवायचं धैर्य दे. आमचे उपकार तिच्या डोक्यावर ठेवू नकोस.

बालसंगोपन योजनेच्या महिना २२५० रुपयांत नातवंडं वाढवणाऱ्या आज्यांनाही तग धरायचं बळ दे. थकव्याचा राग लेकरांवर निघतो, देवा. म्हणून थकले की शेजारणीला हाक मारायला मला लाज वाटू देऊ नकोस.

तिची आई दवाखान्यात आहे. तिला बरी कर. दर भेटीला पोरीला मीच घेऊन जाईन, आईबद्दल घरात वावगा शब्द निघू देणार नाही. आणि ती बरी होऊन समितीपुढे लेक मागायला उभी राहील, त्या दिवशी "अजून थोडे दिवस राहू द्या" असं मला म्हणू देऊ नकोस.