उन्हात पांढरे झालेले केस

गेल्या उन्हाळ्यात मी एका दुकानात स्वतःचं चांगलंच हसं करून घेतलं. तिथूनच सुरुवात करतो.

आमचे चिरंजीव सतरा वर्षांचे. शाळेच्या जॅझ बँडमध्ये बास गिटार वाजवतात. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती ऐकू फारशी येत नाही, पण बंद पडली की काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना लगेच कळतं. आमच्या धंद्यातल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरसारखंच ते! आजवर शाळेच्या बासवर भागलं. पण यंदा त्याने तरणतलावावर लाइफगार्डचं काम करून पैसे जमवले होते आणि स्वतःचा बास घ्यायचा होता. क्युपर्टिनोहून सॅन होजेकडे जाताना स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्डवर वाद्यांचं एक दुकान लागतं, तिथे आम्ही गेलो.

तो थेट एका बासपाशी जाऊन उभा राहिला. त्या बासच्या कडांचा रंग उडाला होता. हात टेकतो तिथलं लाकूड उघडं पडलं होतं. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे होते, स्क्रू गंजले होते. मला भरून आलं. पोरगं माझ्यावर गेलं, सेकंडहँड बघतंय! सांगलीच्या मारुती रोडवर कमावलेलं कसब पणाला लावून मी विक्रेत्याला म्हणालो, "इतका वापरलेला आहे, किंमत बरीच कमी करायला हवी."

तो अदबीने म्हणाला, "सर, हा नवा आहे. गेल्याच आठवड्यात खोक्यातून काढला. या खुणा कारखान्यातच केल्या आहेत." शेजारी त्याच बनावटीचा नवाकोरा, चकचकीत बास टांगलेला होता. तो स्वस्त होता. म्हणजे झिजवण्याचे पैसे वेगळे.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे पैसे मोजून वयाचं सोंग मिळत होतं.

घरी येऊन मी थोडा अभ्यास केला. (सौ.च्या मते, जे काम पाच मिनिटांत होतं त्याचा मी प्रोजेक्ट करतो.) लिओ फेंडर या माणसाने आपल्याच कॅलिफोर्नियात, फुलर्टनला, १९५१ साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणला आणि १९६० मध्ये 'जॅझ बास'. १९६५ च्या जानेवारीत त्याने कंपनी सीबीएसला विकली. त्यानंतर दर्जा घसरला असं वादकांचं मत झालं आणि आधीच्या वाद्यांच्या किमती चढत गेल्या. पुढे १९९५ साली याच कंपनीच्या खास कारागिरांच्या विभागाने 'रेलिक' नावाची नवी-जुनी वाद्यं विकायला काढली. अशी एक गोष्ट सांगतात की, रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सला त्याच्या जुन्या गिटारींच्या प्रतिकृती करून दिल्या, तेव्हा त्या फारच नव्या दिसतात, जरा ठोकून आणा, असं तो म्हणाला. खरंखोटं तोच जाणे. पण धंदा चालला. २००९ पासून मेक्सिकोतल्या कारखान्यात बनणारी स्वस्त मालिकाही आली. नायट्रोसेल्युलोजच्या पातळ लॅकरला थंडीने तडे पाडतात, हात टेकतो तिथे सँडपेपर मारतात, किल्ल्यांच्या जुडग्याने टोचे पाडतात, धातूच्या भागांना आम्लाची वाफ देतात. चाळीस वर्षांचं काम काही दिवसांत उरकतं.

दुकानातून परत येताना गाडीत आमचा वाद झाला.

मी म्हणालो, "हे खोटं आहे. तू वाजवलेला नाहीस, कोणीच वाजवलेला नाही, आणि वाजवल्यासारखा दाखवायचा."

तो म्हणाला, "बाबा, खोटं कोणाशी? पावतीवर नवा लिहिलंय. बँडमधल्या सगळ्यांना माहीत असतं. मला या बासची मान हाताला बरी वाटते, कडा गोल केल्या आहेत. आणि चकचकीत घेतला तर पहिला ओरखडा पडेपर्यंत मी घाबरत वाजवणार." मग माझ्या पँटकडे पाहून म्हणाला, "तुझी जीन्स दुकानातच फिकी होती ना?"

मी गप्प. तेवढ्यात आम्ही 'मेन स्ट्रीट क्युपर्टिनो'वरून गेलो. शनिवारी संध्याकाळी आपण सगळे तिथे फिरायला जातो. पण क्युपर्टिनोला जुनी बाजारपेठ अशी कधी नव्हतीच. इथे प्लम आणि जर्दाळूच्या बागा होत्या. गावाला नगराचा दर्जा मिळाला १९५५ साली. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गावाचं नाव घेतलेला हा रस्ता २०१० च्या दशकात बांधला आहे. आणि आपल्या गावची ती जगप्रसिद्ध कंपनी? २०११ साली तिने कॉम्प्युटरवरच्या कॅलेंडरला चामड्याची पट्टी लावली होती, वर फाडलेल्या पानांचे तुकडेही चिकटलेले दाखवले होते. २०१३ मध्ये ते सगळं काढून टाकलं. दोन वर्षं मी त्या खोट्या चामड्याकडे रोज पाहत होतो आणि मला एकदाही फसवल्यासारखं वाटलं नाही.

मग बासचंच का खुपावं?

मला सांगलीची आत्या आठवली. ती गाणं शिकायची. तिचा तानपुरा मिरजेचा. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची काही घराणी एकोणिसाव्या शतकात सतारी-तानपुरे करू लागली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणीचं लाकूड घेऊन आजही तिथे वाद्यं होतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. आत्याच्या तानपुऱ्याच्या गळ्याशी, तिचं बोट जिथे फिरायचं तिथे, पॉलिश गेलं होतं. पण तिला त्याचं कौतुक नव्हतं. दर दिवाळीआधी ती तो पुसून लख्ख करायची. तारा घासून घोडीवर चरे पडले की जवारी बिघडते, आवाज बद्द होतो. मग ती तो मिरजेला नेऊन जवारी काढून आणायची. झीज म्हणजे तिच्या लेखी दुरुस्तीचं काम. आजीचंही तेच. पितळेची भांडी चिंचेने घासून ती सोन्यासारखी करायची. इथे जुन्या पितळेवरचा काळपटपणा घासला तर वस्तूची किंमत उतरते, हे तिला सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं. आपल्या माणसांनी जुनं नव्यासारखं ठेवण्यात आयुष्य घालवलं. नवं जुन्यासारखं करण्याची हौस त्यांना परवडणारीही नव्हती.

आणि तरीही झिजेला आपण मान देतोच. पंढरपूरच्या विठोबाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. लाखो हात आणि कपाळं लागून तो दगड झिजतो. झीज थांबावी म्हणून वेळोवेळी वज्रलेप करावा लागतो. २०२० सालीही केला. उद्या कोणी पाय आधीच झिजवलेली नवी मूर्ती घडवून आणली तर? कोणीही फसलेलं नसताना आपल्याला कसंनुसं होईल. कारण त्या झिजेला किंमत आहे ती तिच्यामागे आलेल्या माणसांमुळे. चिरंजीवांचा लाडका जॅको पास्टोरियस. त्याच्या १९६२ च्या बासला पडदे नव्हते. त्याने लाकडावर इपॉक्सीचा थर दिला आणि तो बास वर्षानुवर्षं वाजवला. १९८६ मध्ये तो न्यूयॉर्कला चोरीला गेला, पुढच्याच वर्षी जॅकोही गेला. बास सुमारे वीस वर्षांनी सापडला. त्यावरच्या चऱ्यांमागे त्याचं वाजवणं आहे.

असं सगळं जुळवून मी दुसऱ्या दिवशी चिरंजीवांना एक सणसणीत भाषण द्यायचं ठरवलं. शेवटचं वाक्यसुद्धा तयार होतं. घरातली वडील मंडळी म्हणतात ना, "हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत", तेच. अनुभव लागतो, बाळा, तो विकत मिळत नाही!

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तो मी विकत घेतला होता.

२००३ साली माझं एम.एस. झालं. डॉट-कॉमचा फुगा फुटून गेला होता, नोकऱ्या नव्हत्या. त्याच ऑक्टोबरात एच-वनचा कोटा एक लाख पंच्याण्णव हजारांवरून पासष्ट हजारांवर आला. ओपीटीचं एकच वर्ष हातात. मी आणि माझा रूममेट एका लहानशा कन्सल्टिंग कंपनीकडे गेलो. तिथल्या माणसाने आमचे रेझ्युमे पाहिले आणि म्हणाला, "हे असे चालणार नाहीत. तीन वर्षं वाढवतो. प्रोजेक्टची नावं पाठ करा, इंटरव्ह्यूत सांभाळून घ्या." पुण्यातल्या ज्या बँकेच्या प्रोजेक्टवर मी तीन वर्षं काम केलं असं त्यात लिहिलं, त्या बँकेची पायरीही मी चढलो नव्हतो. कागदावर ओरखडे पाडले होते, कडा झिजवल्या होत्या. अगदी कसबी काम.

मी हो म्हणालो. रूममेट नाही म्हणाला. त्याने काही तत्त्वज्ञान सांगितलं नाही, फक्त म्हणाला, "मला नाही जमणार रे, इंटरव्ह्यूत माझी जीभ अडखळेल." मला दोन महिन्यांत काम मिळालं. त्याने आपला खरा, चकचकीत, अनुभवशून्य रेझ्युमे आणखी आठ महिने पाठवला आणि २००४ च्या वसंतात तो परत गेला. विमानतळावर मीच त्याला सोडलं. नव्या पगारातून घेतलेल्या गाडीतून.

पहिल्याच प्रोजेक्टवर एका रात्री रिलीज कोसळला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण टीममध्ये 'अनुभवी' मी होतो. मला काहीच सुचत नव्हतं. पहाटेपर्यंत एका स्थानिक सहकाऱ्याने निस्तरलं, आणि सकाळी क्लायंटच्या बाईंनी मलाच धन्यवाद दिले. मी ते घेतले.

तर फरक मला त्या रात्री कळला, वीस वर्षं उशिरा. खूण खोटी आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. त्या खुणेवर विसंबून कोणी काही ठरवतं का, हे विचारायला हवं. बासच्या ओरखड्यांवर विसंबून कोणी काही करत नाही. श्रोत्यांना कान आहेत, दोन सुरांत त्यांना कळतं समोरचा किती वर्षं वाजवतोय. माझ्या कागदावर मात्र एका बाईंनी आपलं काम सोपवलं होतं. आणि त्या रांगेत माझ्यामागे कोणीतरी उभं होतं.

"पण पुढे तू खरंच शिकलास की," असं सौ. म्हणते. खरं आहे. आज तीन काय, वीस वर्षं झाली. झिजवलेला बासही वीस वर्षं वाजवला की खऱ्या-खोट्या खुणा मिसळून जातात. पण म्हणून हिशोब मिटत नाही. नंतर कमावलेला अनुभव माझ्या उपयोगी पडला. ज्याची संधी गेली त्याच्या तो कसा उपयोगी पडणार? "सगळेच करत होते" हेही मी स्वतःला सांगून पाहिलंय. रूममेट करत नव्हता, आणि तो माझ्याच खोलीत राहत होता.

यातला विनोद असा की आता उलटं चाललंय. तेव्हा मी वर्षं वाढवली, आता रेझ्युमेतली जुनी वर्षं गाळा, वय दिसू देऊ नका, असा सल्ला मिळतो. दर महिन्याला मी केसांना कलप लावतो. उन्हात न पांढरे झालेले केस सावलीत काळे करतो. यात कोणी फसतं का? माझी परीक्षा मलाच लावली तर उत्तर सोयीचं येत नाही. तरी लावतो.

भाषण राहिलं. त्याऐवजी मी चिरंजीवांना ही हकिगत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "त्या काकांना हे माहितीये, तुला असं वाटतं ते?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग मला कशाला सांगतोयस?"

बास त्याने घेतला, तोच, झिजवलेला. मी अडवलं नाही. खोक्यातून काढल्यावर सगळ्यात आधी त्याने पुढून, मागून, कडेने त्याचे फोटो काढले. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "म्हणजे नंतर पडलेल्या खुणा कोणत्या ते कळेल." महिन्याभराने गॅरेजच्या दाराला लागून खालच्या कडेचा एक टवका उडाला. तो त्याने मला मुद्दाम आणून दाखवला.

रूममेट आता नाशिकला असतो. दिवाळीला आम्ही फोनवर बोलतो, मुलांच्या परीक्षा आणि गुडघेदुखी यांवर. ही स्मरणिका छापून आली की तिची प्रत त्याला पाठवणार आहे. त्याआधी एकदा फोन करायला हवा, लेखातून कळण्यापेक्षा. गेल्या तीन रविवारी नंबर काढला होता.