आकडी

पहाटे साडेपाचला आमच्या कुंपणापाशी खुसफुस होते. उठून बघायची गरज नसते. डोक्याला कानटोपी, एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात टोकाला तार वाकवून बांधलेली आकडी. फांदी खाली ओढली जाते, पानांवरचं पाणी झडतं आणि तगरीच्या, जास्वंदीच्या कळ्या पिशवीत पडतात. उमललेलं फूल नकोच असतं. कळी घरी जाऊन उमलली म्हणजे पूजेत टवटवीत दिसते. हटकलं तर उत्तर ठरलेलं, 'देवालाच नेतोय हो.' या वाक्यापुढे आपणच चोर ठरतो.

एका मार्चमध्ये पुतण्याकडे लॉस एंजेलिसला गेलो होतो. त्यानं गाडीत घालून जोशुआ ट्री नॅशनल पार्कला नेलं. वाळवंटात जाऊन बघायचं काय, असं मनात होतं. बोललो नाही, पेट्रोल त्याचं होतं. जोशुआचं झाड म्हणजे खरं तर युका, आपल्या घायपाताच्या भाऊबंदांतलं. बुंध्यावर वाळक्या पानांची दाढी, फांद्यांच्या टोकाला भाल्यांचे झुबके, आणि त्या दिवसांत काहींवर हिरवट पांढऱ्या फुलांचे थोराड घोस. वाढ वर्षाला अर्धा ते तीन इंच. त्याचं परागीकरण एक चिमुकला पतंग करतो. तोंडाशी परागांचा गोळा धरून तो दुसऱ्या फुलात नेऊन ठेवतो आणि तिथेच अंडी घालतो. अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या झाडाच्या. इतका चोख व्यवहार आमच्या सोसायटीत नाही.

हा प्रदेश राखला गेला तो मिनर्व्हा हॉइट या बाईंमुळे. पॅसडीनाच्या, सुखवस्तू घरातल्या, बागेच्या नादिष्ट. मुलगा गेला, नवरा गेला, आणि त्या काळात त्यांना वाळवंटानं धीर दिला. पण १९२०च्या दशकात शहरातून मोटारी भरभरून माणसं येऊ लागली होती. अंगणात निवडुंगाची बाग करायची टूम निघाली होती. मुळासकट उपटायचं, गाडीत टाकायचं, घरी लावायचं. बाईंनी १९२८ साली न्यूयॉर्कच्या पुष्पप्रदर्शनात वाळवंटातली झाडं मांडली, पुढे लंडनमध्येही. लोकांनी वाळवंट इथे बघावं आणि तिकडचं तिकडे राहू द्यावं, हा हेतू. १९३६ साली रूझवेल्ट यांनी त्या भागाला राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण दिलं. राष्ट्रीय उद्यान व्हायला १९९४ उजाडलं.

मला यात एक गोष्ट टोचते. निवडुंग उपटून नेणारे काही दुष्ट नव्हते. त्यांना निवडुंग आवडत होता, तीच पंचाईत होती. नावडती गोष्ट कोण उपटून घरी नेतो?

फोटोसाठी मी पायवाट सोडून चार पावलं आत शिरलो, तर पुतण्या म्हणाला, 'काका, मागे या. ती माती जिवंत आहे.' खाली बघितलं. जमिनीवर काळपट, खडबडीत खपली होती, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ मिळून ती धरतात. तिच्यामुळे माती वाऱ्यावर उडून जात नाही. बुटाखाली ती चुरते आणि पुन्हा धरायला कित्येक दशकं लागतात. माझ्या बुटाचा ठसा तिथे स्वच्छ उमटला होता. आपल्या कासच्या सड्यावर फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना मी किती नावं ठेवली होती! तिथल्या इवल्याशा मातीच्या थरावर माणसं बसू नयेत म्हणून रोजच्या पर्यटकांची संख्या बांधून द्यावी लागली, त्यावर मी एकदा भाषणही ठोकलं होतं.

खिशात एक वाळलेलं बोंड होतं, खाली पडलेलं, म्हणून उचललेलं. पार्कातलं काहीच बाहेर न्यायचं नसतं. ते मी गुपचूप जागेवर ठेवलं. पुतण्या दुसरीकडे बघत होता, किंवा तसं दाखवत होता.

परत आल्यावर मी जरा जास्तच सात्त्विक झालो. पहाटे चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभा राहू लागलो. आकडीवाले गृहस्थ आले की खाकरायचो. एकदा शब्दाला शब्द वाढला. 'झाडावरच शोभतात फुलं,' मी म्हणालो. ते म्हणाले, 'तुमच्या झाडावर, असंच ना?' आणि पिशवी झटकून निघून गेले.

आत आलो तर बायको कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, 'ते तोडून नेतात तरी. तुम्ही काय करता? बघता कुठे, मोजता नुसते.'

काही बोललो नाही. त्या दिवशी सतरा होती.